सासऱ्यांच्या बागेतली मगर

महागड्या मॅक्रो लेन्सवाचून मॅक्रो फोटो निघत नाहीत असं जो म्हणतो, त्याला माझ्याकडे पाठवा! मुंगीच्या मिशा, माशीचे डोळे, फुलपाखराच्या पंखावरची भुकटी, सगळं मी काढून दाखवतो. तेही अशा लेन्सने, जिची किंमत सांगताना दुकानदारालाच लाज वाटली होती. पैसा लागत नाही हो, जिद्द लागते! जिद्द असली की माणूस काहीही करू शकतो. मी तर जिद्दीच्या जोरावर सासऱ्यांची अख्खी संत्र्याची बाग गोत्यात आणली.

थांबा, नीट सांगतो.

धरमपेठेतल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात मी क्लेमच्या टेबलावर बसतो. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, हेच माझं काम. मग डोळ्यांना काहीतरी सुंदर हवं म्हणून मी एक मिररलेस कॅमेरा घेतला. सोबत मिळालेल्या लेन्सने सगळं काढून झालं. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त झाला, गल्लीतली कुत्री झाली, आणि आमच्या कामिनीचे, म्हणजे बायकोचे, 'आता पुरे झालं!' म्हणतानाचे तर शेकड्यांनी झाले. एके दिवशी मोबाईलवर कोणीतरी काढलेला कोळ्याचा फोटो पाहिला. आठही डोळे असे चमकत होते, जणू काचेच्या गोट्या! मी ठरवून टाकलं. आता मॅक्रो!

कामिनीपाशी मॅक्रो लेन्सचा विषय काढला.

"कितीची?" तिने विचारलं.

मी सांगितलं.  त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली, पण मला ती कामिनीचीच वाटली.

मग मी स्वस्त मार्गाचा अभ्यास केला. कळलं असं की साधी लेन्स कॅमेऱ्यावर उलटी लावली, म्हणजे तिचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ किड्याकडे केली, की तीच लेन्स भिंगासारखी काम करते! त्यासाठी लागते एक धातूची रिंग. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे एक पोकळ नळी बसवली की किडा आणखी मोठा दिसतो. नळीत काच नाही, काही नाही, नुसती हवा. म्हणून स्वस्त. फक्त लेन्स जुनी हवी, जिच्या अंगावरच उजेडाच्या भोकाची उघडझाप करायची कडी असते. नव्या लेन्सची उघडझाप कॅमेरा करतो, आणि उलटी लावली की त्या दोघांचं बोलणंच बंद होतं.

सीताबर्डीवर एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे रिळाच्या जमान्यातली एक लेन्स सापडली. काचेच्या कडेला थोडी बुरशी होती.

"साहेब, याचं करान काय?" त्याने विचारलं.

"उलटी लावणार!"

त्याने आधी लेन्स उलटी करून बघितली. मग म्हणाला, "न्या, तुम्हाले जे वाटते ते द्या."

रिंग आली, नळी आली. मोठ्या थाटात सगळं जोडून मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने फोटोच काढला नाही! पडद्यावर लिहून आलं की लेन्स लावलेली नाही.

"पाहा," कामिनी म्हणाली, "कॅमेऱ्याले बी कळून राहिलं!"

पण मी हार मानणारा नव्हे. सेटिंगमध्ये घुसलो आणि 'लेन्स नसली तरी फोटो काढ' हा पर्याय शोधून काढला. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून त्यावर धुतलेली दुधाची पिशवी बांधली. नीट धुतली नसावी. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला असा वास आला की माश्या आपणहून फोटो काढून घ्यायला आल्या!

खरी पंचाईत पुढेच होती. इतक्या जवळून बघताना फोकस म्हणजे केसाएवढा! मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मुंगीचं नाक धूसर. मी श्वास घेतला की मुंगी गायब, सोडला की हजर. त्यामुळे मी श्वास रोखून, प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या कुंपणाशी पालथा पडून राहू लागलो. एका सकाळी असाच निश्चल पडलो होतो. शेवटी एका काळ्या मुंगीने मान वळवली, फोकस बसला, बोट बटणावर गेलं, आणि धबाककन डोक्यावर बादलीभर पाणी!

"भाऊले चक्कर आली वं कामिनी! धाव लवकर!" समोरच्या करिष्माताई ओरडत होत्या.

मुंगी वाहून गेली. मी कॅमेरा पोटाशी धरला म्हणून तो वाचला. त्याच क्षणी मी निर्णय घेतला. शहरात कलेला जागा नाही! किडे पाहिजेत तर शेतात जायचं. आणि शेत तर घरचंच होतं.

माझे सासरे रुपरावजी यांची कळमेश्वरजवळ संत्र्याची बाग आहे. माणूस करारी. कमी बोलतात, पण ज्याच्याशी बोलतात त्याला ते पुरतं. दसरा होऊन गेला होता, फळं रंगावर आली होती, आणि रविवारी बागेचा सौदा करायला धोंडबाजी नावाचे व्यापारी येणार होते. आमच्याकडे बाग झाडावरच विकतात. व्यापारी येतो, बाग फिरून बघतो, इसाराचे आगाऊ पैसे देतो, आणि मग फळांची तोड त्याची. रुपरावजींची बाग म्हणजे स्वच्छ माल, असं पंचक्रोशीत नाव होतं. ते नाव त्यांना पोटच्या पोरांपेक्षा प्यारं. जावयाचा तर प्रश्नच नाही.

शनिवारी आम्ही तिथे पोचलो आणि मी चहाही न घेता बागेत शिरलो. आणि काय सांगू! बांधाजवळच्या एका झाडाच्या कोवळ्या पानावर जो नग बसला होता, तो बघून मी कॅमेरा सरसावला. काळा, खरखरीत, पाठीवर काट्यांच्या रांगा, कडेला केशरी ठिपके, दोन्हीकडे वाकडे पाय. हुबेहूब मगर! लांबीला म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढी.

गुडघे टेकले. श्वास रोखला. वारा थांबायची वाट बघितली. वारा थांबला तर मगर चालायला लागली. मगर थांबली तर वारा सुटला. शर्ट घामाने चिंब झाला, मान आखडली, पण मी उठलो नाही. आणि अखेर तो फोटो आला! एकेक काटा मोजून घ्या! मागे धूसर केशरी गोळा, म्हणजे झाडावरचं संत्रं.

आनंदाच्या भरात मी तो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या बागेतले पाहुणे! असे अजून खूप आहेत!'

एवढंच. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

माझा साळा पिंटू कळमेश्वरला मोटारपंपांचं दुकान चालवतो. आलेला कुठलाही फोटो त्याच्या मोबाईलमध्ये पाच मिनिटं टिकत नाही, लगेच पुढे जातो. हाही गेला. गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून शेजारच्या गावाच्या ग्रुपवर. आणि मागे संत्रं दिसत असल्यामुळे लोकांनी आपापल्या परीने हिशेब लावला. संत्रं एवढं दिसतं, तर हे जनावर केवढं असेल?

संध्याकाळी रुपरावजींचा फोन खणखणू लागला.

"घोरपडीचं पिल्लू हाय का गा?"

"चावते का? पोट्टे तिकडं खेळाले जातेत, म्हनून इचारलं."

"मगर म्हंते पिंट्याच्या ग्रुपवर. कॅनॉलमधून आली का?"

रुपरावजी फोन ठेवून माझ्याकडे वळले. "जावईबापू, काय टाकलं तुम्ही मोबाईलवर?"

मी अभिमानाने फोटो दाखवला. त्यांचा चेहरा पिकलेल्या संत्र्यावरून थेट कच्च्यावर गेला.

"हे माह्या बागेत हाये?"

"हो, बाबा! पण घाबरू नका, तो इतकासाच..."

"कोन्या झाडावर?"

मी झाड सांगितलं. तेवढं ऐकून ते निघून गेले. मला वाटलं, त्यांनाही मॅक्रोची गोडी लागली!

रविवारी सकाळी मी उठून बघतो तर बागेकडून औषधाचा भपकारा. रुपरावजींनी उजाडताच पंप पाठीवर घेऊन त्या झाडाला आंघोळ घातली होती. मी धावत गेलो. पानावर मगर नाही, मगरीचं पिल्लू नाही, मुंगीसुद्धा नाही!

"बाबा, हे काय केलं? ते ढालकिड्याचं बाळ होतं! लाल, ठिपक्यांचा ढालकिडा मोठेपणी होतो ना, तो लहानपणी असा दिसतो. तो झाडाचा रस शोषणारा मावा खातो. मी काल दुपारीच सगळं वाचून काढलं!"

पंपाचा दांडा त्यांच्या हातात तसाच राहिला. "म्हंजे मी आपल्याच मानसाले मारलं?"

"हो!"

"मंग काल काहून नाही सांगतलं?"

"सांगतच होतो, तुम्ही निघून गेलात."

यावर ते जे बोलले ते लिहिता येणार नाही.

इतक्यात धोंडबाजींची जीप फाटकाशी येऊन थांबली. भरघोस काळ्याभोर मिशा, पांढरंशुभ्र धोतर आणि तर्जनीत पिवळ्या खड्याची भलीमोठी अंगठी. जीपमधून उतरले, नाकाने दोनदा हुंगलं आणि फाटकाबाहेरच थांबले.

"रुपरावजी, फवारा मारला काय गा? सौद्याच्या दिवशी?"

"एकाच झाडाले. सहज."

"सहज?" त्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यावर माझाच फोटो! "आमच्या तोडाईवाल्या बाया म्हनून राहिल्या, त्या बागेत पाय ठेवनार नाही. हे सापडलं का मेलं?"

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. चूक माझ्या फोटोची नव्हती, लोकांच्या समजुतीची होती, आणि ती दुरुस्त करणं माझं कर्तव्य होतं. मी पुढे झालो. "धोंडबाजी, तो एवढासा असतो. मॅक्रोमुळे मोठा दिसतो."

"कोन मॅक्रो?"

"म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवायची."

"आमच्या धंद्यात बी करतेत तसं," धोंडबाजी म्हणाले. "पन मंग दाखवा न तो किडा. मी माह्या डोळ्यानं पाह्यतो."

दाखवणार कुठून? मी सगळी झाडं धुंडाळली. कोवळी पानं उलटीसुलटी केली. एरवी चहाच्या कपात पडणारे किडे त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे! औषधाच्या वासाने सगळा परिसरच मोकळा झाला होता. पिंटू तर मदत म्हणून माझ्यामागे ओरडत फिरत होता, "इथं बी नाही मगर! इथं बी नाही!" आणि मगर बघायला फाटकाशी जमलेले गावकरी ऐकत होते.

हात हलवत परत आलो. सासूबाई, प्रेमिलाबाई, घरापुढच्या ओट्यावर चहा आणून ठेवत होत्या. धोंडबाजी कसेबसे ओट्यापर्यंत आले होते, पण पाय वर घेऊन बसले होते. बशीच्या कडेला साखरेसाठी एक मुंगी फिरत होती. मला देवच भेटला!

"ही मुंगी बघा," मी म्हणालो, "आणि आता ही स्क्रीनवर बघा!"

मी लेन्स बशीला जवळजवळ टेकवली. धोंडबाजींनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावलं आणि चहाचा कप अर्धा धोतरावर सांडला.

"अरे बाप्पा! हिले तं दाढी हाये! तुमच्या घरच्या मुंग्या बी अशाच?"

"सगळ्यांच्या घरच्या अशाच असतात! हेच तर सांगतोय!"

"थांबा." त्यांचा चेहरा व्यापाऱ्याचा झाला. "मुंगी मले काय मालूम कशी असते. मले मालूम हाये अशी चीज दाखवा. ह्या मिशा! रोज आरशात पाह्यतो."

मी मिशांवर लेन्स धरली आणि फोटो काढून दाखवला. मॅक्रोचं एक आहे, तो कोणाची भीड ठेवत नाही. मिशांचे केस खराट्यासारखे जाडजूड, वरून काळे आणि मुळाशी पांढरेफेक. जिथे कलप संपला होता तिथे अगदी कुंपण घातल्यासारखी रेघ.

पिंटू मागून वाकून बघत म्हणाला, "अरे, कलप लावते का काय!"

फाटकाशी कोणीतरी हसलं. धोंडबाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रुपरावजींनी डोळे मिटून घेतले. कामिनीने मला चिमटा काढला, असा की त्याचाही मॅक्रो काढण्यासारखा होता. "आता बस करा ना!" ती पुटपुटली.

पण अर्ध्यावर सोडणं माझ्या रक्तात नाही. माणसाला राग आला की त्याला सुंदर काहीतरी दाखवावं. त्यांच्या अंगठीतला पिवळा खडा उन्हात काय चमकत होता!

"धोंडबाजी, मिशा जाऊ द्या. हा पुष्कराज बघा कसा दिसतो!"

नाही म्हणता म्हणता त्यांनी बोट पुढे केलं. मी फोकस लावला. पडद्यावर सोनेरी तळं उमटलं. आणि त्या तळ्यात गोल गोल, सुबक, चमकते...

"वा!" मी ओरडलो. "आत काय सुंदर बुडबुडे आहेत! जसे सोड्याच्या बाटलीत!"

धोंडबाजींचं बोट तसंच पुढे राहिलं.

"खऱ्या खड्यात बुडबुडे राहत नाही," पिंटू मोबाईलमध्ये बघत म्हणाला. या मुलाला नेमकं तेव्हाच शोधता येतं! "बुडबुडे काचेत राहते. इथं लिहून हाये."

धोंडबाजींनी कॅमेऱ्यात बघितलं, मग अंगठीत, मग पुन्हा कॅमेऱ्यात. चांगला दणकट माणूस, एकदम बसल्या जागी खचला. "एका ज्योतिष्यानं देल्ला होता," ते हळूच म्हणाले. "म्हने, हा बोटात असला तं सौदा फसनार नाही. तवापासून याच्याबिगर मी एक सौदा केला नाही, रुपरावजी. पहिली बाग याच्याच भरोशावर घेतली. बायकोनं नाही म्हटलं तरी घेतली."

आता मात्र मला खरंच वाईट वाटलं. किडा, मुंगी, मिशा, सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मी एका माणसाचा आयुष्यभराचा आधार ओट्यावर, सगळ्यांसमोर, मोठा करून दाखवला होता. मी कॅमेरा बंद केला.

"आज सौदा नाही," धोंडबाजी उठत म्हणाले. "मले काही सुचून नाही राहिलं."

रुपरावजी माझ्याकडे बघत होते. त्या नजरेसमोर ती मगर ससा वाटली असती. मी खाली बघून लेन्स पुसू लागलो.

तेवढ्यात सासूबाई दुसरा कप घेऊन आल्या. तो धोंडबाजींपुढे ठेवत त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, "बसा न भाऊ. खडा खोटा व्हता, पन सौदे तं खरे झाले न? म्हंजे इतक्या बागा तुम्ही आपल्याच डोक्यानं घेतल्या म्हना की!"

धोंडबाजी उभ्याचे पुन्हा बसले. कपातून एक घोट घेतला. मग दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकताना दिसलं.

"हाव बाप्पा," ते स्वतःशीच म्हणाले. "वरूडची बाग, गारपिटीच्या साली, सारे म्हने घेऊ नको. मी घेतली. ते मीच केलं न?"

"तुम्हीच!" रुपरावजी म्हणाले.

"अन् काटोलची?"

"तुम्हीच, दुसरं कोन!"

धोंडबाजींनी अंगठी काढून खिशात टाकली, बोट चोळलं, आणि पाय ओट्याखाली सोडून ताडकन उभे राहिले. "चाला! बाग दाखवा!"

पुढचा तास रुपरावजींच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण तास होता. खड्याच्या भरोशावर असलेले धोंडबाजी कसे होते मला माहीत नाही, पण स्वतःच्या भरोशावरचे धोंडबाजी भयंकर होते! प्रत्येक झाडापाशी थांबत, फळ हातात तोलत, फांद्या हलवत आणि भाव पाडत. रुपरावजी घाम पुसत चढवत. मी लांबून, कॅमेरा पाठीमागे लपवून चालत होतो. शेवटी दोघेही थकून बांधावर बसले, हातात हात दिला आणि रुपरावजींच्या डोळ्यांत समाधान उतरलं. भाव त्यांच्या मनासारखा नव्हता, पण फारसा खालीही नव्हता. बागेचं नाव शाबूत राहिलं होतं.

"एक अट हाये," धोंडबाजी बोट वर करून म्हणाले.

रुपरावजी बांधावरून अर्धवट उठले.

"तोड होईस्तोर जावईबापूंनी कॅमेरा घेऊन ह्या बागेत..."

"मंजूर!" रुपरावजी म्हणाले.

अख्ख्या सौद्यात घासाघीस न होता ठरलेली ही एकच गोष्ट. धोंडबाजींना वाक्यही पुरं करावं लागलं नाही.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग कामिनीने माझा मोबाईल घेतला, तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करून बघत राहिली.

"किडा आला मात्र झकास," ती म्हणाली.

तेवढं मला वर्षभर पुरेल. त्यामुळे काम थांबलेलं नाही. बाग बंद तर बंद! सध्या मी डासावर लक्ष घातलं आहे. आमच्या कुलरमध्ये अजून पाणी आहे, म्हणजे मालाला तोटा नाही. बाही वर करून उघडा हात टेबलावर ठेवतो आणि वाट बघतो. डास येतो, बसतो, सोंड रोवतो. मी श्वास रोखून फोकस लावतो. फोकस बसेपर्यंत त्याचं जेवण उरकतं आणि तो ढेकर देऊन निघून जातो. डावा हात आता सुजून भोपळ्यासारखा झाला आहे.

हरकत नाही. आता पाळी उजव्या हाताची. कॅमेरा डाव्या हाताने धरायची सवय करतो आहे.